बोलती वाट

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीपासून दक्षिणेला सुमारे १२० किलोमीटरवर कायामा नावाचं लहान गाव आहे. खडकातल्या विवरातून समुद्राचं पाणी उंच उसळतं, ते पाहायला पर्यटक तिथे थांबतात. या गावात २०१८ मध्ये मार्क बर्न्स यांनी पुरुषांसाठी एक उपक्रम सुरू केला. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी जमायचं, चालायचं, मग एकत्र कॉफी घ्यायची आणि आपापल्या कामाला लागायचं. फी नाही, अंगात किती ताकद आहे याची चौकशी नाही, बोललंच पाहिजे अशी सक्तीही नाही. 'द मॅन वॉक' या नावाने हा उपक्रम ऑस्ट्रेलियातल्या इतर गावांत आणि पुढे न्यूझीलंडमध्येही पोहोचला.

इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड इथेही गेल्या काही वर्षांत असे चालगट ठिकठिकाणी उभे राहिले. कुठे कामावरून सुटलेले पुरुष संध्याकाळी एकत्र निघतात, कुठे कुत्र्याला फिरवायचं निमित्त असतं. मनाच्या आरोग्यासाठी झटणाऱ्यांना वर्षानुवर्षं एक प्रश्न छळत होता. या साध्या चालण्याने तो बराचसा सोपा केला. हे कसं घडलं ते मुळापासून पाहायला हवं.

जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालाचा अंदाज ७ लाख २७ हजारांचा आहे. यात पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून जास्त आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तर अशा दर चार मृत्यूंमागे साधारण तीन पुरुषांचे असतात. भारतही वेगळा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतले सुमारे ७२ टक्के पुरुष होते. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र २२,७४६ मृत्यूंसह सर्वांत वर होता. हा आकडा वाचून पान उलटणं मला तरी जमत नाही. वर्षाला २२ हजार म्हणजे एकट्या महाराष्ट्रात रोज साठाहून अधिक घरं.

यात एक विसंगती आहे, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. नैराश्याचं निदान जगभर स्त्रियांमध्ये अधिक होतं, आणि जीव मात्र पुरुषांचे अधिक जातात. कारणं अनेक आहेत: दारू, कर्ज, बेकारी, तुटलेलं लग्न. पण जवळपास प्रत्येक देशातल्या अभ्यासकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. पुरुष मदत मागायला उशिरा येतात किंवा येतच नाहीत. डॉक्टरकडे गेले तरी पाठदुखी सांगतात, झोप लागत नाही म्हणतात, आत काय जळतंय ते सांगत नाहीत. शिवाय वय वाढतं तशी मित्रांची संख्या ओसरते. अमेरिकेत २०२१ मध्ये झालेल्या एका पाहणीत १५ टक्के पुरुषांनी आपल्याला एकही जवळचा मित्र नाही असं सांगितलं. १९९० मध्ये हे प्रमाण ३ टक्के होतं.

एकटेपणाचा परिणाम नुसत्या मनापुरता राहत नाही. ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांची नाती भक्कम होती त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. माणसाला माणूस लागतो हे आपल्या आजीला ठाऊकच होतं. या संशोधनामुळे ते रक्तदाब आणि सिगारेट यांच्या पंक्तीत मोजलं जाऊ लागलं.

तेव्हा प्रश्न उरतो तो इतकाच: जो बोलत नाही त्याला बोलतं कसं करायचं?

उत्तराचा पहिला धागा ऑस्ट्रेलियातच सापडला, पण चालण्यात नव्हे, सुतारकामात. १९९३ मध्ये मरी नदीच्या मुखाजवळच्या गूल्वा गावी ज्येष्ठांच्या एका केंद्रात पुरुषांसाठी कामाची खोली उघडली गेली. बायका गप्पांत रमायच्या आणि नवरे कोपऱ्यात गप्प बसायचे, तेव्हा त्यांच्या हातांना काहीतरी द्यावं हा हेतू होता. १९९८ च्या जुलैमध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या टॉन्गाला या गावी 'मेन्स शेड' याच नावाने पहिली कार्यशाळा सुरू झाली. ती डिक मॅकगोवन यांच्या पुढाकाराने. तिथे निवृत्त माणसं खुर्च्या दुरुस्त करत, खेळणी घडवत, आणि करवत चालवता चालवता शेजारच्याला सांगून टाकत की बायको गेल्यापासून घर खायला उठतं. आज एकट्या ऑस्ट्रेलियात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात, हे या चळवळीचं ब्रीद झालं.

ब्रीदवाक्य म्हणून हे छान आहे, पण ते खरंही आहे का? अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेबोरा टॅनन यांनी १९९० च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात एका प्रयोगाची हकिगत दिली आहे. ब्रूस डोर्व्हाल या मानसशास्त्रज्ञाने जिवलग मित्रांच्या आणि मैत्रिणींच्या जोड्यांना एका खोलीत दोन खुर्च्यांवर बसवलं, काहीतरी गंभीर बोला म्हणून सांगितलं आणि त्यांचं चित्रण केलं. लहान मुलांपासून पंचविशीतल्या तरुणांपर्यंत सगळ्या वयाच्या जोड्या होत्या. मुली आणि बायका समोरासमोर वळून बसल्या, नजर एकमेकींच्या चेहऱ्यावर. मुलगे आणि पुरुष तिरके किंवा समांतर बसले, खोलीत इकडेतिकडे पाहत राहिले, क्वचित एखादा कटाक्ष. पाहणाऱ्याला वाटावं, यांना एकमेकांत रसच नाही. पण टॅनन यांनी संवाद ऐकले तेव्हा दहावीतल्या दोन मुलग्यांचं बोलणं त्यांना सगळ्यांत मनमोकळं वाटलं. त्यांतला एक तर जवळजवळ आडवा पसरला होता, आणि दोघंही समोर बघत आपापली दुखणी सांगत होते.

मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. आपण पुरुषाला 'माझ्याकडे बघून बोल' म्हणतो, आणि त्याच क्षणी त्याचं दार लागतं. समोरची नजर त्याला चौकशी वाटते. त्याच्यापुढे एक रस्ता ठेवा, दोघांनी बघायला तिसरं काहीतरी द्या, म्हणजे तोच माणूस वेगळा होतो. समुपदेशकाच्या खोलीत दोन खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून मांडलेल्या असतात आणि मध्ये कागदी रुमालांचा डबा असतो. ज्याने आयुष्यात कधी कुणासमोर डोळे पुसले नाहीत त्याला ती खोली परीक्षेच्या हॉलसारखी वाटते. त्याचा दोष नाही आणि समुपदेशकाचाही नाही. मांडणी त्याच्यासाठी झालेली नाही, एवढंच.

चालण्यात ही मांडणी आपोआप बदलते. नजर पुढे असते. गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, कारण पावलांचा आवाज चालूच असतो. विषय बदलायचा असेल तर चढ, कुत्रं, पावसाची चिन्हं, काहीही हाताशी असतं. बोलणं नकोसं झालं तर दोन पावलं मागे पडून दुसऱ्याबरोबर चालता येतं, आणि ते उठून जाण्यासारखं उद्धट दिसत नाही. बंद खोलीत यातली एकही सोय नाही.

त्याशिवाय आणखी काही घडतं, ते चालणाऱ्यांना कळतही नाही. झिवोतोफ्स्की आणि हाउसडॉर्फ या दोन इस्रायली संशोधकांनी २००७ मध्ये शाळकरी मुलींच्या जोड्यांना शेजारी शेजारी चालवलं आणि त्यांची पावलं मोजली. कुणी सांगितलं नसतानाही जवळपास निम्म्या वेळा दोघींची पावलं एका ठेक्यात पडू लागली; हात धरले असतील तर अधिकच. शरीर शेजारच्या शरीराशी जुळवून घेतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी याच दुव्यावरून असा विचार मांडला की भांडण मिटवायचं असेल तर दोघांनी बरोबर चालून पाहावं: दिशा एक, गती एक, आणि अडकलेलं मन शरीराबरोबर पुढे सरकतं.

मेंदूतला बदलही नोंदवला गेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी ब्रॅटमन यांनी ३८ जणांचे दोन गट केले. एक गट ९० मिनिटं झाडांगवतातून चालला, दुसरा वाहत्या हमरस्त्याच्या कडेने. निसर्गातून चाललेल्यांमध्ये तीच ती नकोशी गोष्ट मनात घोळवत राहण्याची प्रवृत्ती घटली, आणि तिच्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सारा हॅन्सन आणि अँडी जोन्स यांनी चालगटांवरच्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. १४ देशांतले १,८४३ जण त्यात होते. रक्तदाब, नाडी, चरबी यांच्याबरोबर नैराश्याचे गुणही उतरले होते, आणि चालण्यामुळे अपाय झाल्याची उदाहरणं नगण्य होती. २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २१८ चाचण्यांचा आढावा छापला. नैराश्यावर उपयोगी पडणाऱ्या व्यायामांत चालणं आणि धावणं वरच्या ओळीत होतं.

तरीही पुरुष येतील याची खात्री नसते. 'मानसिक आरोग्य शिबिर' असा फलक लावला तर तिथून लांबून जाणारेच अधिक. स्कॉटलंडने यावर शोधलेली तोड मला अतिशय शहाणपणाची वाटते. तिथल्या १३ व्यावसायिक फुटबॉल क्लबांनी २०११-१२ मध्ये वजन जास्त असलेल्या ३५ ते ६५ वयाच्या चाहत्यांना आपल्या स्टेडियममध्ये बोलावलं. ज्या मैदानाकडे हे लोक आयुष्यभर गॅलरीतून पाहत आले होते, त्याच्याच कडेने त्यांना पावलं मोजणारं यंत्र कमरेला लावून चालायला दिलं. बारा आठवडे हे चाललं. ग्लासगोच्या संशोधकांनी ७४७ पुरुषांची रीतसर चाचणी घेतली. वर्षभरानंतर कार्यक्रमातल्या पुरुषांचं वजन तुलनेच्या गटापेक्षा सरासरी सुमारे ५ किलोंनी अधिक घटलेलं होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१४ मध्ये हे छापलं. आले होते क्लबच्या ओढीने, पण आपल्यासारख्याच शरीराचे, आपल्यासारख्याच चिंतांचे वीस-तीस जण शेजारी आहेत हे पाहून टिकले.

आयर्लंडने तर पुरुषांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण आखलं. २००९ च्या सुरुवातीला ते जाहीर झालं, आणि असं करणारा तो जगातला पहिला देश. त्याच देशात 'मेन ऑन द मूव्ह' नावाचा बारा आठवड्यांचा सामुदायिक व्यायामाचा कार्यक्रम आठ काउंटींमध्ये राबवला गेला आणि नऊशेहून अधिक पुरुष त्यात आले. या आयर्लंडचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या पिएटा या संस्थेने २००९ मध्ये डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये एक चाल आयोजित केली. पहाटे सव्वाचारला, गडद अंधारात निघायचं, आणि पाच किलोमीटर चालून संपेपर्यंत उजाडलेलं असायचं. पहिल्या वर्षी सुमारे ४०० लोक होते. पुढे 'डार्कनेस इन्टू लाइट' दर मे महिन्यात आयर्लंडच्या गावागावांत आणि जगभरच्या आयरिश वस्त्यांत होऊ लागली, चालणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ज्यांनी मुलगा, भाऊ, नवरा गमावला ती माणसं एकाच रंगाचे शर्ट घालून चालतात. कुणी कुणाला काही विचारत नाही. त्या वेळी तिथे असणं हीच ओळख.

पण या सगळ्या चालींमध्ये माझ्या मनात घर करून राहिली आहे ती तीन बापांची. अँडी एअरी कंब्रियातले, माइक पामर मँचेस्टरजवळच्या सेल गावचे, टिम ओवेन नॉरफोकचे. तिघं एकमेकांना ओळखतही नव्हते. २०१८ ते २०२० या काळात तिघांच्याही तरुण मुली आत्महत्येने गेल्या. पामर अग्निशमन दलात होते. दुसऱ्यांना वाचवणं हाच त्यांचा व्यवसाय. दुःखामुळे तिघांची गाठ पडली आणि त्यांनी ठरवलं की एकाच्या घरापासून दुसऱ्याच्या आणि तिथून तिसऱ्याच्या घरी चालत जायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ दिवसांत ते ३०० मैल, म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर चालले. पॅपिरस या तरुणांच्या आत्महत्या रोखणाऱ्या संस्थेसाठी निधी गोळा करणं हा हेतू होता.

निधी जमलाच, अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक. पण वाटेत जे घडलं ते कुणी योजलं नव्हतं. घरांतून माणसं बाहेर येऊ लागली. कुणी फाटकापाशी उभं राही, कुणी मैलभर सोबत चाले, आणि चालता चालता आपल्या मुलाबद्दल, मुलीबद्दल सांगे. कित्येकांनी घराबाहेर कधी ते उच्चारलेलंच नव्हतं. धट्टेकट्टे पुरुष भर रस्त्यात एका अनोळखी बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले. मला वाटतं, तिघं थांबून भाषण करत असते तर हे झालं नसतं. ते चालत होते म्हणून कुणीही शेजारी येऊन चालू शकत होतं.

२०२२ मध्ये ते पुन्हा निघाले, या वेळी बेलफास्टच्या स्टॉरमाँट या विधिमंडळापासून एडिंबरा आणि कार्डिफच्या संसदांवरून लंडनच्या वेस्टमिन्स्टरपर्यंत, ६०० मैल. मागणी एकच होती: शाळेत मुलांना आत्महत्या रोखण्याबद्दल त्यांच्या वयाला साजेल असं शिकवा. त्यांच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. २०२४ मध्ये तिघं स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगपासून नॉरिचपर्यंत पुन्हा चालले.

या चालगटांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. चालणं म्हणजे उपचार नव्हे. तीव्र नैराश्याला औषध लागतं, डॉक्टर लागतो. चालगटांनी मन हलकं होतं याला पुरावा आहे, पण एखाद्या भागातल्या आत्महत्या केवळ त्यामुळे घटल्या असं म्हणता येण्याजोगा भक्कम पुरावा नाही. गट चालवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, त्यांनाही शिकवावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या गॅव्हिन लार्किन यांनी वडिलांच्या आत्महत्येनंतर काही वर्षांनी, २००९ मध्ये, 'आर यू ओके?' ही मोहीम सुरू केली. तिची शिकवण चार पायऱ्यांची आहे: विचारा, ऐकून घ्या, मदतीकडे वळवा, आणि नंतर पुन्हा चौकशी करा. चौथी पायरी विसरायची नाही. आणि ज्याची शंका येते त्याला 'जीव द्यायचे विचार येतात का?' असं थेट विचारल्याने ते विचार त्याच्या डोक्यात शिरत नाहीत. २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी घेतलेल्या आढाव्यात हेच दिसलं; उलट विचारल्याने त्रास कमी होण्याची शक्यता आढळली. भारतात याच्या पुढची मदत टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा सुरू आहे.

महाराष्ट्राला सार्वजनिक जागी जमून मन हलकं करण्याची रीत नवी नाही. जगभर पसरलेला हास्य क्लब मुंबईच्या एका बागेत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केला. आजही पुण्या-नाशिकच्या टेकड्यांवर आणि बागांत सकाळी पुरुषांचे घोळके दिसतात. पण त्यांत पाहिलं तर बहुतेक निवृत्त. आणि देशाच्या आकडेवारीत आत्महत्येने जाणाऱ्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले आहेत. चौथा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा. सकाळी सहाला बागेत यायला त्यांना सवड नाही. त्यांच्यासाठी चाल हवी ती रात्री नऊला, दुकानाचं शटर ओढल्यावर किंवा दुसरी पाळी सुटल्यावर. बाजार समितीच्या आवारातून, एमआयडीसीच्या रस्त्यावरून, गावाबाहेरच्या पाटाच्या कडेने. दोन-अडीच किलोमीटर पुरे. वार आणि वेळ बदलायची नाही, पाऊस असला तरी. इंग्लंडमधल्या आरोग्य-चालींत एक म्होरक्या पुढे असतो आणि एक जण सगळ्यांच्या मागे, सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने. या मागच्या माणसाकडे आपल्याकडे आणखी एक काम द्यावं: कोण आलं नाही ते लक्षात ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करायचा.